चालत्या गलबताचा गळ

"गळ टाकून बसणें" हा आपल्या भाषेंतील एक रूढ शब्दप्रयोग आहे, व त्यांतील 'बसणें' हा शब्द महत्त्वाचा आहे. नदीकांठीं किंवा बंदराच्या धक्क्यावर एखादा मनुष्य हातांत काठी धरून तासचे तास स्वस्थ बसलेला आपण पाहतों, आणि मासा गळाला लागणें म्हणजे निव्वळ वाट पाहण्याचें फळ, अशी आपली समजूत होऊन बसते. परंतु समुद्रावर गळाची अशीहि एक रीत आहे कीं, तींत वाट पाहत बसणें मुळींच नाहीं. नाव शिडें उभारून वाऱ्याच्या बळावर धांवत असते, तिच्यामागून गळ पाण्याच्या पृष्ठभागावरून ओढला जात असतो, आणि मासा त्या धांवत्या गळाचा पाठलाग करून आपण होऊन त्याला लागतो. नाव थांबली कीं मासेमारीहि थांबली. या रीतीची थोडी माहिती आमच्या विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, असा विचार आहे.

ही युक्ति कोणा एका देशाची नव्हे. पॅसिफिक महासागरांतील बेटांवरचे लोक शिंपल्याच्या चकचकीत तुकड्याला कांटा बांधून तो आपल्या होडीमागें ओढीत. न्यूझीलंडचे माओरी लोकहि तसेंच करीत. आपल्या लक्षद्वीप बेटांतील कोळीहि कुपा व तशाच जातीचे मोठे मासे धरण्याकरितां चालत्या होडीमागें गळ सोडतात. परंतु केवळ शिडांच्या भरंवशावर, मोठ्या संख्येनें गलबतें घेऊन, किनारा दिसेनासा झाल्यावरहि पुढें महासागरांत जाऊन हा धंदा ज्यांनीं वाढविला, ते लोक फ्रान्स देशाच्या ब्रिटनी प्रांतांतील होत. म्हणून त्यांचेंच उदाहरण आम्ही येथें घेतों.

ब्रिटनीच्या दक्षिण किनाऱ्यासमोर, लोरियां बंदराच्या बाहेर, ग्र्वा नांवाचें एक लहानसें बेट आहे. त्याची लांबी सुमारें ८ किलोमीटर व रुंदी जेमतेम ३ किलोमीटर. इतक्याशा जागेंतील लोकांनीं १८७० च्या सुमारापासून १९४० पर्यंत कुप्याच्या मासेमारींत फ्रान्समधील पहिलें स्थान राखलें. युरोपांत देवळाच्या मनोऱ्यावर वाऱ्याची दिशा दाखविण्यास धातूचा कोंबडा बसविण्याची चाल आहे. ग्र्वा येथील मुख्य गांवच्या देवळावर मात्र कोंबड्याच्या जागीं कुपा मासा बसविलेला आहे. ज्याच्यावर साऱ्या गांवाचें पोट, त्याला गांवांतील सर्वांत उंच जागा मिळाली, हें आम्हांस योग्यच वाटतें.

हा मासा म्हणजे पांढऱ्या मांसाचा कुपा. फ्रेंच लोक त्याला झेर्माँ म्हणतात. आपल्या बाजारांत येणारे कुपा व गेदर हे त्याचेच भाऊबंद; परंतु याच्या छातीचे पर तलवारीच्या पात्यासारखे लांब असतात, त्यावरून तो तेव्हांच ओळखूं येतो. या कुळांतील माशांचें जीवन मोठें विलक्षण आहे. ते जन्मभर पोहतच असतात. इतर पुष्कळ मासे एका जागीं राहून कल्ल्यांची उघडझांप करतात व श्वासाकरितां पाणी आंत घेतात. कुप्याला तें साधत नाहीं. तो पुढें धांवतो म्हणून पाणी त्याच्या उघड्या तोंडांतून कल्ल्यांवरून वाहतें. थांबला तर गुदमरेल. दुसरें असें कीं, मासे म्हणजे थंड रक्ताचे प्राणी असें आपण शिकतों, पण कुपा त्याला अपवाद आहे. खाणींतील सुरक्षित दिवा शोधून काढणाऱ्या सर हंफ्री डेव्ही यांचे बंधु डॉ. जॉन डेव्ही यांनीं १८३५ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, या कुळांतील माशाचें शरीर भोंवतालच्या समुद्रापेक्षां सुमारें १० अंश सेंटिग्रेड अधिक ऊन असूं शकतें. ऊन राहिलेले स्नायु चपळ असतात. असा मासा आमिषाला हुंगत, टोंचीत बसत नाहीं. डोळ्यांना कांहीं चमकतें, पळतें दिसलें कीं तो त्यावर झडप घालतो. चालत्या गळाची सारी विद्या या एका स्वभावावर उभारलेली आहे.

आतां गळ पाहूं. तो आंखुडसा, दोन टोंकांचा, आणि आश्चर्याची गोष्ट ही कीं, त्याला उलटें दांतें नसत. त्यावर खरें आमिष नसेच! मक्याच्या कणसावरील पांढरट साल घेऊन ती गळाभोंवतीं बांधीत, व तिचीं टोंकें चिरून मोकळीं सोडीत. कोणी घोड्याच्या शेपटीचे पांढरे केस लावीत. हातांत घेऊन पाहिल्यास ती वस्तु केरसुणीच्या तुटक्या काडीसारखी दिसे. पण तीच पाण्यांतून वेगानें ओढली गेली म्हणजे तिचे धागे लवलवत, भोंवतीं बुडबुडे उठत, आणि एखादा लहान मासा किंवा माकूल जीव घेऊन पळत आहे असा हुबेहुब भास होई. नाव उभी राहिली कीं तो मासा नाहींसा होऊन पुन्हां मक्याची साल उरे.

या गलबतास तिकडे डंडी म्हणत. त्याला दोन डोलकाठ्या असत. पुढची उंच, मागची ठेंगणी. शिडें बहुधा रंगविलेलीं असत. परंतु त्याची खरी खूण म्हणजे तांगाँ नांवाच्या दोन प्रचंड काठ्या. त्यांचीं बुडें मुख्य डोलकाठीच्या पायथ्याजवळ बसविलेलीं असून बंदरांत त्या उभ्या केलेल्या असत. म्हणून धक्क्याला लागलेल्या डंडीला दुरून चार डोलकाठ्या आहेत असें वाटे. समुद्रावर गेल्यावर त्या दोन्ही बाजूंस पंखांप्रमाणें खालीं उतरवीत. प्रत्येक काठीला सहा-सात दोर बांधलेले, आणि शिवाय दोन-चार दोर गलबताच्या मागच्या बाजूवरून सोडलेले. इतके दोर एकमेकांत गुंतत कसे नसत, असा प्रश्न चौकस विद्यार्थ्यास पडेल. काठीच्या टोंकाचा दोर सर्वांत लांब, त्याच्या आंतला त्याहून आंखूड, अशी उतरती रचना केलेली असे. त्यामुळें आंतल्या दोराचा मासा ओढतांना तो बाहेरच्या गळांवर जात नसे. काठी लवचीक असल्याचाहि एक फायदा होता. मासा लागला म्हणजे बसणारा हिसका ती वांकून सोशी, आणि दोर तुटत नसे.

वेगाचा प्रश्न मात्र सर्वांत नाजूक. उत्तम वेग ताशीं ५ ते ६ सागरी मैल, म्हणजे १० किलोमीटरच्या आसपास. त्याहून हळू गेल्यास गळ खालीं लोंबूं लागे व त्यांतील जीव जाई. फार जोरानें गेल्यास तो पाण्याबाहेर उड्या मारी. शिवाय पाण्याचा ओढा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला तर ओढ सुमारें चौपट. हा हिशेब वहीवर न मांडतांहि प्रत्येक तांडेलाच्या हातांत होता. वारा पडला कीं अधिक शिडें चढवावयाचीं, वारा वाढला कीं कमी करावयाचीं. इतर गलबतें कोठें तरी लवकर पोंचण्याकरितां शिडें उभारतात, हें गलबत मात्र माशाला रुचेल अशा चालीनें चालविलें जाई. आणि वारा अगदींच पडला, तर खालीं माशांचे थवे दिसत असूनहि खलाशांस हात जोडून बसावें लागे.

मासा लागला तरी नाव थांबवीत नसत. शिडांचें गलबत एकाएकीं थांबविणें सोपें नाहीं, आणि थांबविणें मूर्खपणाचेंहि ठरलें असतें. कारण गळाला उलटें दांतें नसल्यामुळें दोर क्षणभर सैल पडला कीं मासा सुटलाच. दोर ताणलेला ठेवण्याचें काम नावेचा वेगच करी. मग दांतें कां ठेवीत नसत? मासा भराभर काढून गळ पुन्हां लगेच पाण्यांत सोडतां यावा म्हणून. प्रत्येक दोराला एक बारीक दोरी जोडलेली असून तिचें दुसरें टोंक गलबतावर असे. त्या दोरीनें दूरचा दोर जवळ ओढावयाचा, आणि मग हातावर हात टाकून मासा वर घ्यावयाचा. उजाडण्याच्या आधींपासून अंधार पडेपर्यंत हें चाले; रात्रीं मासा गळ पाहूं शकत नाहीं, म्हणून दोर आंत घेत. थवा लागला म्हणजे सर्व दोर एकदम ताठत, व जेवण, विश्रांति, कांहींच आठवत नसे.

गलबतावर माणसें सारीं पांचसहा. त्यांतील एक म्हणजे 'मूस', नुकताच शाळेंतून सुटलेला मुलगा. सर्वांच्या आधीं उठून चूल पेटविणें, स्वयंपाक करणें, भांडीं घांसणें व मासे आले कीं दोर ओढण्यास धांवणें हीं त्याचीं कामें. आमच्या वसतिगृहांतील ज्या विद्यार्थ्यांस पहांटेची घंटा जाचक वाटते, त्यांनीं या मुलाचा विचार एकवार करावा.

पगार कोणालाच नसे. विक्रीच्या पैशांतून खर्च वजा करून नावेचा हिस्सा व माणसांचे हिस्से पाडीत. मासा नाहीं तर पैसा नाहीं. आणि मासा मिळूनहि पैसा हातीं येईलच असें नव्हतें, कारण पूर्वी या नावांवर बर्फ नव्हतें. धरलेला मासा लगेच साफ करून, धुऊन, लांकडी घोड्यांवर शेंपटीनें टांगून ठेवीत. हवा कोरडी व थंड असेल तर कांहीं दिवस निभावे. उकाडा होऊन मेघ गर्जूं लागले कीं थोड्या वेळांत माल बिघडे, आणि कित्येक दिवसांची सारी कमाई समुद्रांत फेंकून द्यावी लागे. म्हणून तांडेलापुढें नेहमीं एकच पेंच असे: आहे तेवढा माल घेऊन परत फिरावें, कीं आणखी दोन दिवस दोर चालूं ठेवावे?

या धंद्याला आणखी एका संकटानें जोर आला होता. ब्रिटनीच्या किनाऱ्यावर सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीच्या जातीचा मासा, डब्यांत भरण्याचे अनेक कारखाने होते. १९०२ पासून कांहीं वर्षें हा मासा किनाऱ्याकडे येईनासा झाला व हजारों कुटुंबांवर उपासमारीची पाळी आली. तेव्हां काँकार्नो, एतेल वगैरे बंदरांतील पुष्कळ लोक कुप्याच्या मागें लागले. परंतु कुपा किनाऱ्याजवळ येत नाहीं. जूनच्या सुमारास तो बिस्केच्या उपसागराकडे येई, आणि उन्हाळा सरूं लागला कीं त्याचे थवे उत्तरेकडे, आयर्लंडच्या नैर्ऋत्येच्या समुद्रापर्यंत जात. आपल्या कोंकणांत होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवण्याचे जे दिवस, त्याच दिवसांत तिकडचे लोक बाहेर पडत. निघण्यापूर्वीं ग्र्वा व लोरियां यांच्यामधील खाडींत नावा जमून समुद्राला आशीर्वाद देण्याचा विधि होई.

इतक्या दूर जाणाऱ्यास किनाऱ्यावरच्या डोंगरांच्या खुणा पुरत नाहींत. सूर्याची उंची मोजून आपण कोठें आहों हें काढतां आलें पाहिजे, नकाशा वाचतां आला पाहिजे. यासाठीं ग्र्वा बेटावर १८९५ सालीं कोळ्यांची शाळा निघाली. फ्रान्समधील त्या प्रकारची ती पहिली. ज्या हातांना दोर ओढण्याची संवय, त्यांत पेन्सिल व कोष्टकें देणें सोपें नव्हतें. तरी तें काम तेथील शिक्षकांनीं केलें, याचें आम्हां शिक्षकांस विशेष कौतुक वाटतें.

परंतु आपण कोठें आहों हें कळलें, तरी पुढें काय येत आहे हें कळेलच असें नाहीं. १९३० च्या सप्टेंबर महिन्यांत मोसम संपत आला असतां नावांचा मोठा ताफा आयर्लंडच्या नैर्ऋत्येस दूरवर पसरला होता. ता. १८ पासून वादळ उठलें व तें ता. २० पर्यंत ओसरलें नाहीं. हवामानाचे इशारे त्या काळीं बिनतारी यंत्रानें दिले जात असत. पण ते ऐकण्याचें यंत्र बहुतेक डंडींवर नव्हतें. तांगाँ आवरून, शिडें उतरवून लाटांकडे तोंड धरून राहणें एवढेंच त्यांच्या हातीं होतें. वांचलेल्या नावांपैकीं कित्येक डोलकाठ्या मोडून, कठडे वाहून गेलेल्या स्थितींत बंदराला लागल्या. वीसहून अधिक नावा परत आल्याच नाहींत. दोनशेंहून अधिक माणसें गेलीं, आणि प्रत्येक नावेबरोबर बहुधा एक मूसहि गेला. लहान गांवांतून बाप, भाऊ व मुलगा एकाच नावेवर असण्याची चाल होती; त्यामुळें कांहीं घरांत एकहि कर्ता पुरुष उरला नाहीं.

त्यानंतरच्या काळांत नावांवर इंजिनें व बर्फाचीं कोठारें आलीं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर शिडांचा हा धंदा थोड्याच वर्षांत नाहींसा झाला. पुढें मैलोगणती वाहणारीं जाळीं निघालीं. तीं डॉल्फिनांसकट सारेंच ओढून घेत, म्हणून २००२ पासून युरोपीय संघानें कुप्यासाठीं त्यांना बंदी केली. गळ ओढण्याची रीत मात्र अजून आहे. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरील कोळी उन्हाळ्यांत इंजिनाच्या नावांमागें असेच दोर सोडून हाच मासा धरतात. एका गळाला एक मासा, त्यामुळें नको असलेला जीव क्वचितच सांपडतो. शिडाच्या होड्यांतून महासागर ओलांडणारे हौशी लोकहि मागें एखादा दोर सोडून ठेवतात व त्यावर रात्रीचें जेवण मिळवितात.

ग्र्वाच्या जुन्या डंडींपैकीं 'बीश' नांवाची एक उरली आहे. बीश म्हणजे हरिणी. ती १९३४ सालीं बांधलेली असून मोडकळीस आली होती. हौशी लोकांनीं वर्गणी जमवून तिची दुरुस्ती केली व २०१२ सालीं ती पुन्हां पाण्यांत सोडली. दोन्ही बाजूंच्या तांगाँ काठ्याहि तिच्यावर पूर्वीप्रमाणें चढविल्या आहेत.