घरातले पाहुणे शब्द

मराठीचा तास सुरू झाला की काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतात. "माझे चुकले तर सगळे हसतील," अशी भीती त्यांना वाटते. आज आपण मुद्दामच थोडे हसू या. त्यासाठी घरात एक फेरी मारा.

दरवाजा उघडा. पडदा बाजूला सारा. खुर्चीवर बसा आणि रुमालाने घाम पुसा. हे शब्द तुम्हाला कोणी शिकवावे लागले का? नाही ना? 'दरवाजा', 'पडदा' आणि 'रुमाल' हे शब्द फारसीतून मराठीत आले. अरबीतील 'कुर्सी' मराठीत आली आणि 'खुर्ची' झाली.

काही पाहुणे समुद्रमार्गे आले. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकला. त्यांच्या भाषेतले शब्द हळूहळू आपल्या घरांत शिरले. मराठीत 'चावी' आणि 'बादली', तर उर्दूत 'चाबी' आणि 'बाल्टी'. मूळ मात्र एकच! 'बटाटा' आणि 'पाव' हे शब्दही पोर्तुगीजच.

पण सावध राहा. चेहरा सारखा असला म्हणून माणूस तोच असतो असे नाही. शब्दांचेही तसेच आहे. मी लहान असताना एकदा आमच्या नळाला पाणी आले नाही. अम्मीने मला वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे बादलीभर पाणी आणायला पाठवले. काकू म्हणाल्या, "बादली खाली आहे." मी हात हलवत घरी परतलो आणि सांगितले, "त्यांचीही बादली रिकामी आहे." इकडे जिन्याजवळ भरलेली बादली बिचारी माझी वाट पाहत होती!

उर्दूतील 'खाली' अरबीतून आला. त्याचा अर्थ रिकामा. मराठीत 'खाली' म्हणजे वर नव्हे ते. 'ताक' या शब्दाचीही अशीच गंमत आहे. उर्दूत ताक म्हणजे भिंतीतला कोनाडा. मराठीतले ताक संस्कृत 'तक्र' या शब्दापासून आले आणि ते प्यायचे असते. म्हणून पाहुण्यांनी ताक मागितले तर त्यांना भिंत दाखवू नका!

त्या दिवशी काकू पोट धरून हसल्या. मला लाज वाटली. पण 'खाली' आणि 'रिकामे' यांतला फरक मी पुन्हा कधी विसरलो नाही. चुकलेला शब्दच चांगला लक्षात राहतो.

आज घरातील दहा वस्तूंची नावे उर्दूत आणि मराठीत लिहा. सारख्या नावांपुढे खूण करा. एखादा फसवा शब्द सापडला, तर उद्या वर्गात सांगा. सगळे मिळून हसू.