कोरहाच्या पुत्रांचे काय झाले? : आकस्मिक दैवी न्यायाविषयीच्या बायबलमधील वचनांतील विसंगती

प्रस्तावना

बायबलच्या जुन्या करारात देवाचा न्याय अकस्मात कोसळल्याचे अनेक प्रसंग येतात. कराराच्या कोशाला हात लावताच उज्जा जागच्या जागी मरतो. अहरोनाचे पुत्र नादाब व अबीहू अग्नीने भस्म होतात. अशा एकाच प्रसंगाची एकाहून अधिक वर्णने ग्रंथात आढळतात तेव्हा ती परस्परांशी जुळतातच असे नाही. त्यांपैकी कोरहाच्या बंडाचा प्रसंग प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतला आहे. येथील विसंगती केवळ तपशिलाची नाही. पित्याच्या अपराधासाठी मुलांनी मरावे काय, हा प्रश्न तिच्यात गुंतलेला आहे.

वचने व त्यांतील विसंगती

'गणना' या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायानुसार लेवी वंशातील कोरह आणि रऊबेन वंशातील दाथान व अबीराम हे २५० प्रमुखांसह मोशे व अहरोन यांच्याविरुद्ध उठले. भूमीने आपले तोंड उघडून त्यांना कुटुंबांसह व कोरहाच्या सर्व माणसांसह गिळले, असे ३२ वे वचन सांगते. धूप जाळणारे २५० जण अग्नीने भस्म झाले, असे ३५ वे. मात्र २६:११ येथे कोरहाचे पुत्र मेले नाहीत असे स्पष्ट विधान येते. त्यातच 'अनुवाद' ११:६ आणि १०६ वे स्तोत्र यांत भूमीने गिळलेल्यांमध्ये दाथान व अबीराम यांचीच नावे आहेत. कोरहाचा उल्लेखही नाही.

मग स्वतः कोरह मेला कसा? रूढ हिब्रू संहितेनुसार (२६:१०) त्याला भूमीने गिळले. शोमरोनी संहितेत त्याच वचनात तो अग्नीने भस्म होतो. पहिल्या शतकातील इतिहासकार जोसेफस यानेही अग्नीचाच पक्ष घेतला आहे. तालमूदच्या 'सनहेद्रिन' या प्रबंधात तर तो दोहोंतही नव्हता आणि तो दोहोंतही होता, अशी दोन्ही मते नोंदलेली आहेत!

समन्वयाचे प्रयत्न

'कोरहाची माणसे' म्हणजे त्याचे अनुयायी, पुत्र नव्हेत, हे परंपरेचे उत्तर सर्वपरिचित आहे आणि भाषेच्या दृष्टीने ते अशक्य नाही. तथापि त्याने मूळ अडचण सुटत नाही. दाथान व अबीराम मोशेने बोलावूनही येत नाहीत, आपल्या तंबूंपाशीच राहतात. कोरह मात्र धुपाटणी घेतलेल्या लोकांसह दर्शनमंडपाच्या दाराशी उभा आहे. तक्रारीही भिन्न आहेत. मोशे आमच्यावर अधिकार गाजवतो, ही दाथानाची तक्रार राजकीय आहे. सारी मंडळी पवित्र असता याजकपद अहरोनाकडेच का, हा कोरहाचा आक्षेप धर्मसत्तेविषयी आहे. शिवाय २४ व्या वचनात या तिघांचे मिळून एकच 'मिश्कान' सांगितले आहे. हा शब्द एकवचनात एरवी देवाच्या निवासमंडपासाठी येतो. ग्रीक सेप्टुअजिंट भाषांतरात त्या जागी 'कोरहाची मंडळी' असा पाठ आहे, म्हणजे ही अडचण प्राचीन काळीही जाणवली असावी. वेलहाउझेन यांच्यानंतरच्या चिकित्सक अभ्यासात येथे दोन स्वतंत्र कथा एकत्र गुंफल्या गेल्या, असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखकासही हेच अधिक ग्राह्य वाटते, कारण 'अनुवाद'मधील मौनाचा उलगडा त्यातूनच होतो.

परंतु 'संपादकाने जोडले' एवढे म्हणून थांबणे हा आळस होय. २६:११ मधील ते छोटे वाक्य तेथे ठेवणाऱ्यास ते का ठेवावेसे वाटले? कोरहाचे घराणे हयात होते, हे त्याचे एक उघड कारण. ते निवासमंडपाचे द्वारपाल होते (१ इतिहास ९:१९). ११ स्तोत्रांच्या शीर्षकांत कोरहाच्या पुत्रांचा निर्देश आहे. शमुवेलाची वंशावळही कोरहापर्यंत जाते (१ इतिहास ६:३३-३८). तेल अराद येथे सापडलेल्या एका मृत्पात्रावरील लेखातही 'कोरहाचे पुत्र' ही अक्षरे आहेत. वंश समूळ नष्ट झाला असता तर यांचे काय करावयाचे?

दुसरे कारण नैतिक आहे. पित्यांच्या अपराधाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचते, असे 'निर्गम' २०:५ म्हणते. पित्याबद्दल पुत्राला मारू नये, असा 'अनुवाद' २४:१६ चा नियम आहे आणि यहेज्केलाच्या १८ व्या अध्यायात तोच आग्रहाने मांडला आहे. प्रत्यक्ष बंडाच्या वेळी मोशे व अहरोन हेच देवाला विचारतात की, एकाच्या पापासाठी साऱ्या मंडळीवर कोप कशाला (१६:२२). कोरहाच्या पुत्रांपुरते त्या प्रश्नाला २६:११ हे उत्तर देते.

दाथान व अबीराम यांच्याबाबत असे वाक्य कोठेही नाही. त्यांच्या स्त्रिया, मुले व तान्ही बाळे तंबूंच्या दाराशी उभी होती, असे १६:२७ नोंदवते. 'अनुवाद'ही त्यांच्या कुटुंबांना वगळत नाही. भाष्यकार राशी (१०४०-११०५) यांनी रऊबेनाचा व कहाथी लेवींचा तळ निवासमंडपाच्या एकाच, दक्षिण बाजूस होता याकडे लक्ष वेधून दाथान शेजारापायी या बंडात ओढला गेला, असे सुचविले आहे. तंबूंच्या दाराशी उभ्या असलेल्या त्या बाळांना हे स्पष्टीकरण लागू पडत नाही.