धाराशिवची सहल ठरवताय? तारखेआधी बोरी धरण भरलं का ते पाहा!

सोलापूरहून तुळजापूरचा घाट चढताना गाडी ज्या काळ्या खडकातून जाते, तो खडक म्हणजे थंड झालेला लाव्हा. धाराशिव जिल्ह्यातून जाणारी बालाघाटची रांग याच लाव्हाची आहे. इथले धबधबे मात्र वर्षातले थोडेच दिवस वाहतात. त्यामुळे सहलीची तारीख चुकली, तर कोरडा कातळ पाहून परतावं लागतं.

ज्वालामुखी होता, मग शिखर कुठे आहे?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला. तो एका जागी साचून शंकूसारखा डोंगर झाला नाही, तर थरावर थर पसरत गेला. म्हणूनच बालाघाटचे माथे सपाट आणि उतार पायऱ्यांसारखे दिसतात. कठीण थराचा कडा तयार होतो, मऊ थर झिजतो आणि ओढा कड्यावरून खाली पडतो. हाच धबधबा.

धबधबे लवकर का आटतात?

अखंड बेसाल्टमध्ये पाणी फारसं मुरत नाही. ते साठतं मुख्यतः भेगांमध्ये आणि झिजलेल्या सच्छिद्र थरात. त्यातच जिल्हा पर्जन्यछायेत येतो. त्यामुळे पाऊस थांबला की छोटे ओढे लवकर बारीक होतात. उन्हाळ्यात इथल्या गावांना टंचाई सोसावी लागते, त्यामागेही हेच मोठं कारण आहे.

कधी जायचं?

मराठवाड्यात ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा साधारणपणे चांगला काळ. नळदुर्गचे प्रसिद्ध नर-मादी धबधबे मात्र बोरी नदीच्या पाण्यावर अवलंबून असतात. बोरी धरण भरून सांडवा वाहू लागला की हे धबधबे सुरू होतात. त्यामुळे आधी धरणाची बातमी पाहा, मगच खोली बुक करा.

नवरात्र आणि कोजागरीला तुळजापूरला प्रचंड गर्दी असते. कोजागरीला सोलापूरहून भाविक पायी येतात, त्यामुळे रस्त्याच्या वाहतुकीत बदल होतात. निसर्ग पाहायचा असेल, तर हे दिवस टाळलेले बरे.

दोन दिवसांचा आराखडा

पहिला दिवस : सोलापूर ते नळदुर्ग हे अंतर सुमारे ५० किमी. किल्ल्यात नदीवर बांध घातला असून त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं हे बांधकाम. वरून पाणी कोसळत असतं आणि आत महाल! तिथून सुमारे ३५ किमीवर तुळजापूर. भवानीमातेचं मंदिर डोंगरउतारावर असल्याने दर्शनाला पायऱ्या उतरून जावं लागतं. सोबत आजी-आजोबा असतील, तर तेवढा वेळ हाताशी ठेवा.

दुसरा दिवस : तुळजापूर ते धाराशिव सुमारे २५ किमी. शहराजवळच्या डोंगरात याच लाव्हाच्या खडकात धाराशिव लेणी कोरली आहेत. पुढे सुमारे २० किमीवर येडशी. तिथल्या अभयारण्यात, दरीत उतरल्यावर रामलिंगाचं मंदिर आणि धबधबा आहे. इथे माकडं भरपूर आहेत. खाऊची पिशवी हातात मिरवू नका आणि प्लास्टिक परत घेऊन या.

स्वतःची गाडी नसेल, तर सोलापूर, तुळजापूर आणि धाराशिवदरम्यान एसटीने प्रवास करता येतो. लेणी आणि रामलिंगसाठी मात्र स्थानिक वाहन ठरवलेलं सोयीचं.

काय काळजी घ्यायची?

पाणी मुरत नाही, म्हणून ते झपाट्याने ओढ्यात उतरतं. तुमच्या डोक्यावर ऊन असलं, तरी वरच्या भागात पाऊस झाला की प्रवाह अचानक वाढू शकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये याच जिल्ह्यातल्या भूम-परंडा भागाने मोठा पूर पाहिला.

- निघण्याच्या दिवशी हवामान विभागाचा जिल्ह्यासाठीचा इशारा तपासा. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल, तर सहल पुढे ढकला.
- शेवाळलेल्या कातळावर चांगले बूटही घसरतात. सेल्फीसाठी धबधब्याच्या काठावर जाऊ नका.
- पाणी गढूळ झालं किंवा त्यात काटक्या वाहून येऊ लागल्या, तर लगेच वर या.
- पुलावरून पाणी वाहत असेल, तर गाडी घालू नका.
- रामलिंगच्या दरीतून अंधार पडण्याआधी बाहेर पडा.