रात्री मीडियम वेव्ह ऐकून बघा!

दिवसा ज्या मीडियम वेव्हवर जवळचं एखादंच केंद्र लागतं, तिथे सूर्य मावळला की शेकडो किलोमीटरवरची केंद्रं येऊ लागतात. कारण आयनांबराचा सगळ्यात खालचा ‘डी’ थर. हा थर दिवसा उन्हामुळे तयार होतो आणि या लहरी शोषून घेतो. रात्री तो विरतो, मग लहरी वरच्या थरांवरून परावर्तित होऊन दूरवर उतरतात. दूरची केंद्रं अशी शोधून ऐकण्याच्या छंदाला डीएक्सिंग म्हणतात.

१९८८ साली सुरू झालेली आकाशवाणीची राष्ट्रीय सेवा नागपूरहून १५६६ किलोहर्ट्झवर, १००० किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून लागायची. परदेशातल्या छंदिष्टांनीही ती ऐकली आहे, याचा मला फार अभिमान वाटतो!

महागडा संच लागत नाही. साध्या ट्रान्झिस्टरमध्ये फेराइटची कांडी असते. तिचं टोक केंद्राकडे वळलं की आवाज पडतो, आडवी धरली की वाढतो. म्हणून अँटेना ओढत बसू नका, अख्खा रेडिओच फिरवा. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर मात्र बंद ठेवा, त्यांची खरखर भयंकर असते.

केंद्र ओळखलंत की तारीख, वेळ, फ्रीक्वेन्सी आणि काय ऐकलं ते त्यांना जरूर कळवा. काही केंद्रं पोच म्हणून क्यूएसएल कार्ड पाठवतात.