शंभर गुणांमागचा तक्ता

बास्केटबॉलच्या सामन्यात प्रत्येक खेळाडूने किती वेळा नेम धरला, किती वेळा तो साधला आणि किती चेंडू ताब्यात घेतले, याची नावागणिक नोंद ज्या कागदावर होते, त्याला ‘बॉक्स स्कोअर’ म्हणतात. क्रिकेटच्या धावफलकासारखाच तो सामन्याचा अधिकृत दस्तऐवज असतो. २ मार्च १९६२ रोजी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील, चॉकलेटच्या कारखान्यामुळे प्रसिद्ध असलेल्या हर्शी या गावी फिलाडेल्फिया वॉरियर्सने न्यूयॉर्क निक्सचा १६९–१४७ असा पराभव केला, तेव्हाच्या तक्त्यातील वॉरियर्सच्या विल्ट चेंबरलेनचे विक्रमी १०० गुण तेवढे जगाच्या लक्षात राहिले. बाकीचे रकाने फारसे कोणी वाचले नाहीत आणि या सामन्याविषयीचे बहुतेक गैरसमज त्या न वाचलेल्या रकान्यांतूनच निपजले आहेत.

त्यांतला सर्वांत रुजलेला समज असा की, सात फुटांहून उंच माणसाने टोपलीशी उभे राहून चेंडू आत सोडला, यापलीकडे या विक्रमात काही नाही. चालू खेळात साधलेल्या नेमाला ‘फील्ड गोल’ म्हणतात आणि त्या काळी अशा प्रत्येक नेमाचे दोनच गुण मिळत, कारण दुरून तीन गुण देणारी रेषा हे संघ ज्या व्यावसायिक लीगमध्ये खेळत तिच्यात १९७९–८० च्या हंगामापासून आली. चेंबरलेनचे ६३ पैकी ३६ नेम साधले, म्हणजे ७२ गुण झाले. उरलेले २८ गुण ‘फ्री थ्रो’चे, अर्थात प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगाबद्दल ठरावीक रेषेवरून, कोणी आडवे न येता मिळणाऱ्या एकेका गुणाच्या फेकीचे होते. या रेषेवर उंचीचा उपयोग जवळजवळ नसतो, आणि नेमकी हीच चेंबरलेनची आयुष्यभराची दुबळी बाजू होती. त्या हंगामात तो दोन्ही हातांनी, कमरेखालून चेंडू उचलून फेकत असे, तरीही त्याचे यशाचे प्रमाण ६१.३ टक्केच होते. त्या रात्री मात्र त्याच्या ३२ पैकी २८ फेकी आत गेल्या. नेहमीच्या प्रमाणात त्या सुमारे २० गेल्या असत्या आणि मग तक्त्यावर ९२ च्या आसपासचा आकडा उरला असता. ज्या विक्रमाचे श्रेय सर्रास उंचीला दिले जाते, त्याचा निर्णय उंची निरुपयोगी ठरणाऱ्या जागेवर झाला, ही गोष्ट पुरेशा ठळकपणे सांगितली जात नाही.

निक्सचा मध्यरक्षक डॅराल इम्हॉफ याने शंभर गुण ‘देऊन टाकले’ हा दुसरा समज त्या खेळाडूवर सरळसरळ अन्याय करणारा आहे. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या अमेरिकी संघात इम्हॉफ होता, आणि हर्शीत तो खेळला तो निक्सचा नेहमीचा मध्यरक्षक फिल जॉर्डन अनुपस्थित होता म्हणून. तक्त्यात इम्हॉफच्या नावापुढे ४८ पैकी केवळ २० मिनिटे आणि सहा नियमभंग आहेत. सहाव्या नियमभंगानंतर खेळाडूला बाहेर जावे लागते. सामन्याच्या निम्म्याहून अधिक काळ तो मैदानावरच नव्हता.

चेंबरलेनने इतरांना खेळूच दिले नाही, असेही म्हटले जाते. वॉरियर्सच्या एकूण ११५ नेमांपैकी ५२ इतरांनी धरले आणि त्यांतले २७ साधले. अल ॲटल्सने तर आपले आठही नेम अचूक साधले. गाय रॉजर्सच्या नावावर २० ‘असिस्ट’, म्हणजे सहकाऱ्याच्या नेमाला थेट कारण ठरलेले पास आहेत. पराभूत संघाच्या रिची गेरिननेही ३९ गुण मिळवले. दोन्ही संघांनी मिळून ४८ मिनिटांत २३३ नेम धरले, म्हणजे साधारण दर बारा सेकंदांना एक, आणि त्यांतले ११३ हुकले. हुकलेला चेंडू ताब्यात घेणे म्हणजे ‘रिबाउंड’. चेंबरलेनचे २५ रिबाउंड वाचताना हुकलेल्या नेमांची ही संख्या ध्यानात ठेवली नाही, तर आजच्या खेळाडूंशी केलेली तुलना फसवी ठरते.

चित्रफीत नाही, म्हणून सामन्याविषयीच शंका घेणारेही आहेत. सामना दूरचित्रवाणीवर दाखवला गेला नव्हता हे खरे. पण अधिकृत गुणपत्रक आहे, वृत्तसंस्थांच्या बातम्या आहेत आणि चौथ्या सत्राचे बिल कॅम्पबेल यांचे रेडिओ समालोचनही ध्वनिमुद्रित स्वरूपात उपलब्ध आहे. प्रेक्षकांची अधिकृत संख्या ४,१२४ होती. ‘१००’ लिहिलेला कागद हातात धरलेले चेंबरलेनचे सुप्रसिद्ध छायाचित्र सामन्यानंतरचे आहे. तो आकडा संघाचे प्रसिद्धी व सांख्यिकीचे काम पाहणारे हार्वी पोलॅक यांनी लिहिला होता.

याउलट, तक्त्यात जे नाही ते घडलेच नाही असे मानणे हीदेखील तितकीच मोठी चूक आहे. प्रतिस्पर्ध्याचा नेम हवेतच अडवणे, म्हणजे ‘ब्लॉक’, आणि त्याच्याकडून चेंडू हिरावणे, म्हणजे ‘स्टील’, यांची अधिकृत नोंद लीगमध्ये १९७३–७४ पासून सुरू झाली, आणि तोवर चेंबरलेन निवृत्त झाला होता. तो रकाना शून्य नव्हे, तर अनुपस्थित आहे. बचावासाठी ज्याचा धाक होता अशा खेळाडूची निम्मी कामगिरी त्यामुळे कागदावर आलीच नाही.

अखेरच्या टप्प्याविषयी घेतला जाणारा आक्षेप मात्र खरा आहे. चेंबरलेनच्या २३, १८, २८ आणि ३१ अशा चार सत्रांतील गुणांपैकी शेवटचे ३१ पूर्णपणे सरळ खेळातून आलेले नाहीत. चेंबरलेनकडे चेंडू जाऊ नये म्हणून निक्स इतर वॉरियर्सवर मुद्दाम नियमभंग करत होते, आणि चेंडू लवकर परत मिळावा म्हणून वॉरियर्सही तेच करत होते. चालू खेळात चारच नेम धरणाऱ्या रॉजर्सला १२ फ्री थ्रो मिळाले, ही त्या डावपेचाशी जुळणारी नोंद आहे. अशा वेळी राखीव खेळाडू म्हणून आलेल्या जो रुक्लिकची ओळ तक्त्यात सर्वांत रिकामी दिसते: एक नेम, तो हुकलेला, दोन फ्री थ्रो, तेही हुकलेले, गुण शून्य, असिस्ट एक. ४६ सेकंद उरले असताना चेंबरलेनने ज्या पासवर शंभर पूर्ण केले, तोच हा असिस्ट.