हातून सुटलेला रुपया

अब्बा बोटीवर होते. मरहूम अब्बांच्या मागे घरात ज्या चारदोन वस्तू राहिल्या त्यांत नाण्यांचा एक जाड अल्बम आहे. प्रत्येक कप्प्यात नाणे, आणि नाण्यामागे त्यांच्या हातची पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी. पंचम जॉर्जच्या रुपयांचे पान उघडले की पहिलाच कप्पा रिकामा दिसतो. चिठ्ठी मात्र आहे: '1911, मिळाल्यास'.

आम्ही तीन भावंडे. आपा चिपळूणला, आम्ही मुंबईत, धाकटा कुवेतला. अब्बांच्या बरसीनंतर आम्ही ठरवले की हा कप्पा भरायचा. ऑनलाइन लिलावात हे नाणे अधूनमधून येते, एवढे कळले होते. वर्षभरात तीन वेळा बोली लावली, तिन्ही वेळा हरलो. तिसऱ्या वेळी जे झाले ते लिहावे की नाही यावर घरात थोडा वाद झाला. आपा म्हणाली, लिहा, लोकांना उपयोग होईल.

आधी त्या रुपयाविषयी. बऱ्याच वाचकांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून 'डुकराच्या रुपया'ची गोष्ट ऐकली असेल. पंचम जॉर्ज 1910 मध्ये गादीवर आला आणि 1911 मध्ये त्याच्या चेहऱ्याचे रुपये निघाले. राजाच्या अंगावरच्या झग्यात, गळ्यातल्या हारात एक छोटा हत्ती कोरलेला होता. कोरणाऱ्याने त्याची सोंड इतकी आखूड आणि पाय असे काढले की तो हत्ती कमी आणि डुक्कर जास्त दिसू लागला. मुसलमानांनी नाणे हातात घ्यायला नाराजी दाखवली. 1857 ची आठवण सरकारच्या मनातून गेलेली नव्हती. तेव्हा काडतुसाच्या चरबीवरून काय पेटले होते, हे त्यांना ठाऊक होते. नाणी मागे घेतली, बरीचशी वितळवली, आणि 1912 पासून लांब सोंडेचा, मोठ्या कानांचा नवा हत्ती आला. जी थोडी बाहेर राहिली ती आज संग्राहकांना हवी असतात. आमच्या अम्मीच्या आजोबांनी म्हणे मजुरीत हा रुपया घ्यायचे नाकारले होते. अम्मीला या सगळ्या प्रकाराचे हसूच येते. "त्यांनी फुकट मिळत होता तो परत दिला, आणि तुम्ही त्याच्यासाठी रात्र जागता," असे ती म्हणते.

रात्र जागावीच लागते. लिलावाची वेळ संपायला दोन मिनिटे उरली की खरा खेळ सुरू होतो. आठवडाभर एक नाणे चार हजारांवर स्वस्थ बसलेले असते आणि शेवटच्या साठ सेकंदांत दुपटीवर जाते. काही ठिकाणी शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ आपोआप वाढते, काही ठिकाणी वाढत नाही. तुमची कमाल रक्कम आधी भरून ठेवायची सोयही असते. समोरचा चढला की यंत्र तुमच्या वतीने एकेक पायरी चढत जाते, तुमची मर्यादा येईपर्यंत. यात आणखी एक गोष्ट नवखे लोक विसरतात. बोली जिंकली म्हणजे तेवढेच पैसे द्यायचे असे नाही. वर लिलाववाल्यांचे कमिशन, कर आणि कुरियर.

पहिल्या दोन वेळा हरलो तेव्हा फक्त हळहळ वाटली. तिसऱ्या वेळी राग आला. नाणे मुंबई टांकसाळीचे होते, मागे खाली तो बारीक ठिपका स्पष्ट होता, आणि हत्ती इतका स्वच्छ की अब्बांनी भिंग घेऊन अर्धा तास पाहिला असता. आमची मर्यादा ठरली होती: दहा हजार. आपाच्या खात्यावरून बोली लावली. सहा हजारांपर्यंत ठीक चालले, मग कुणीतरी एकसारखा आमच्या डोक्यावर चढू लागला. आम्ही सहा-दोनशे, तो साडेसहा. आम्ही सात, तो सव्वासात. नावे लपवलेली असतात, दिसतात फक्त एक-दोन अक्षरे आणि चांदण्या. दहा हजारांवर आम्ही थांबायचे होते. थांबलो नाही. साडेदहा, मग अकरा. आपाच्या मुलीच्या क्लासच्या फीचे पैसे त्याच खात्यात होते. शेवटी साडेबारा हजारांना तिसराच कुणीतरी नाणे घेऊन गेला.

त्या रात्री आम्ही दोघे फोनवर बराच वेळ बोलत होतो. दोघांचेही एकमत झाले की चढवणारा माणूस लिलाववाल्यांचाच असणार. खरेदी करायची नसताना केवळ दुसऱ्याला वर चढवण्यासाठी बोली लावणे याला शरीअतमध्ये 'नजश' म्हणतात, आणि बुखारी व मुस्लिम दोन्हींतल्या हदीसमध्ये त्याची स्पष्ट मनाई आहे. आम्ही तर तक्रारीचा मजकूरही लिहायला घेतला, त्यात हा शब्द अर्थासकट घातला. आता विचार केला तर लाज वाटते, पण तेव्हा फार बरे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुवेतहून धाकट्याचा संदेश आला: 'अब्बांचा रुपया थोडक्यात हुकला. तुम्हाला सरप्राइज द्यायचे होते. पण कुणीतरी मूर्ख सारखा चढत होता.'

तो मूर्ख म्हणजे आम्ही.

दोघा भावंडांनी मिळून सहा हजारांचे नाणे अकरा हजारांच्या वर नेले आणि तिसऱ्याच्या हातात ठेवले. त्या तिसऱ्याचेही आम्ही नुकसानच केले म्हणायचे, कारण आम्ही नसतो तर त्याला कितीतरी स्वस्तात मिळाले असते. तक्रार पुसून टाकली. सूरह हुजुरातमध्ये वाईट संशयापासून दूर राहायला सांगितले आहे ते आपल्याला पाठ असते, पण रात्री साडेअकराला मोबाइल हातात असताना आठवत नाही. खोट्या बोल्या कुठेच लागत नाहीत असे आम्ही म्हणत नाही. पुरावा असेल तर तक्रार जरूर करावी. आमच्याकडे पुरावा नव्हता, फक्त चिडचिड होती.

त्यानंतर आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांशी बोलणे झाले. दुसऱ्याच्या सौद्यावर सौदा करू नये अशी हदीस आहे, मग आमच्यावर चढून नाणे नेणाऱ्याने गुन्हा केला का, असे आम्ही विचारले होते. त्यांनी हसून सांगितले की ती मनाई भाव ठरल्यानंतरची आहे. लिलावात भाव ठरलेलाच नसतो. मग त्यांनी ह. अनस (रजि.) यांची रिवायत सांगितली. एक अन्सारी मदत मागायला आले. प्रेषित (स.) यांनी त्यांच्या घरातले एक जाड वस्त्र आणि एक पेला मागवून घेतला आणि लोकांना विचारले की कोण घेतो. एकाने एक दिरहम म्हटले. यापेक्षा जास्त कोण देईल, असे दोन-तीनदा विचारल्यावर दुसऱ्याने दोन दिरहम दिले. एका दिरहमचे घरच्यांसाठी अन्न, दुसऱ्याची कुऱ्हाड, आणि तो माणूस लाकडे तोडून पोटापुरते मिळवू लागला. आम्ही ही गोष्ट मेहनतीचे महत्त्व सांगताना अनेकदा ऐकली होती. त्यात एक दिरहम म्हणणारा माणूसही आहे, इकडे लक्षच गेले नव्हते. तो हरला, आणि त्याच्या हरण्यानेच त्या गरीब घरात एक दिरहम जास्त आला.

आता आमची पद्धत बदलली आहे. लिलावाच्या तीन दिवस आधी तिघे फोनवर बोलतो. बोली एकाच खात्यावरून. रक्कम ठरते ती कमिशन आणि कर धरून, आणि ती आधीच भरून ठेवतो. मग ईशाची नमाज पढून झोपतो. सकाळी निकाल कळतो. रक्कम ठरवताना आम्ही एकच प्रश्न विचारतो: यापेक्षा शंभर रुपयांनी नाणे गेले तर पस्तावा होईल का? होणार असेल तर शंभर आधीच वाढवायचे. नसेल तर विषय संपला. जुन्या लिलावांत ते कितीला गेले याची वहीही आपाने केली आहे. त्यातून दिसले की तसेच नाणे काही महिन्यांनी पुन्हा येते. 'असे पुन्हा मिळणार नाही' हे वाक्य आम्ही तीन वेळा म्हटले होते.

या निमित्ताने काही गोष्टी शिकलो. नाणे शंभर वर्षांहून जुने असल्यामुळे 1972 च्या पुरावस्तू कायद्यात ते येते, म्हणजे धाकट्याला ते कुवेतला नेता येणार नाही. कप्पा इथेच भरायचा आहे. दुसरे, तारीख खोटी केलेली नाणी असतात. शेवटचा आकडा घासून 1911 करणे सोपे, पण 1912 नंतरच्या हत्तीची सोंड आखूड करणे कठीण, म्हणून आधी हत्ती पाहावा. वजनही पाहावे. हा रुपया एक तोळ्याचा, 11.66 ग्रॅमचा, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी.

यावरून जकातीचा हिशेबही निघाला. निसाब साडेबावन्न तोळे चांदीचा. हनफी मतानुसार ज्यात चांदी जास्त ते चांदीच धरतात, म्हणजे असे त्रेपन्न रुपये झाले की निसाब पूर्ण. आम्ही कोकणी शाफई, आमच्याकडे फक्त शुद्ध चांदी मोजतात, तेव्हा अठ्ठावन्न लागतात. अब्बांच्या अल्बममध्ये एकसष्ट निघाले. इतकी वर्षे कुणी मोजलेच नव्हते! पैसे आज देऊन चांदीचे नाणे आठ दिवसांनी हातात येते, हे चालते का, यावर उलमांत मतभेद आहेत. आम्ही आमच्या मौलानांना विचारले, वाचकांनी आपापल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे.

कप्पा अजून रिकामाच आहे. म्हणजे अगदी रिकामा नाही. अब्बांकडे 1912 चे दोन रुपये होते, त्यांतला एक आपाने तिथे ठेवला आहे, नवीन नाणे आले की दोन्ही हत्ती शेजारी ठेवून बघता यावेत म्हणून. चिठ्ठी तशीच ठेवली आहे.