डोंगरी सायकलीस क्रँक कोणता घ्यावा ?

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या शाळेच्या आवारांत उभ्या राहणाऱ्या सायकलींचें रूप पार पालटलें आहे. काळ्या रंगाची, उंच दांडीची, मागें कॅरिअर असलेली जुनी सायकल आतां एखादीच दिसते. तिची जागा रुंद टायरांच्या, पुढें स्प्रिंगचा चिमटा असलेल्या व अनेक गिअरांच्या डोंगरी सायकलीनें घेतली आहे. या सायकलीचा उगम १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत, टमालपाइस नांवाच्या डोंगराच्या उतारांवर झाला. नाशकास आल्यावर मात्र तिला डोंगर शोधीत हिंडावें लागलें नाहीं. त्र्यंबक, अंजनेरी, सप्तशृंगीचा गड आणि मुंबईच्या वाटेवरील कसाऱ्याचा घाट हीं सर्व आपल्या शेजारचींच स्थळें होत. त्यांतच २०१५ सालीं येथील डॉक्टर बंधु हितेंद्र व महेंद्र महाजन यांनीं ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही खंड ओलांडणारी शर्यत जोडीनें पुरी केली, तेव्हांपासून मुलांच्या सायकलवेडास चांगलेंच खतपाणी मिळालें आहे.

हें वेड स्तुत्यच होय. परंतु त्यापायीं पालकांच्या खिशास जी तोशीस लागते, तिचा विचार केल्यास या विषयावर चार शब्द लिहिणें अस्थानीं होणार नाहीं. चढावर दम लागूं लागला म्हणजे मुलें विचारतात, “सर, क्रँक बदलावा म्हणतों, मध्यम किंमतींतला कोणता घेऊं?” मध्यम किंमतीचा म्हटला तरी चांगल्या क्रँकची किंमत एका साध्या काळ्या सायकलीच्या किंमतीच्या जवळपास जाते, म्हणून या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत देऊन भागत नाहीं.

पायडल ज्याच्या टोकास जडलेलें असतें तो दांडा म्हणजे क्रँक. असे दोन दांडे, उजव्या दांड्यास जोडलेलें एक किंवा अधिक चेनव्हील, आणि बहुधा दोहोंस जोडणारा आंस, एवढ्या सरंजामास दुकानदार क्रँकसेट म्हणतात. आंस ज्या बेअरिंगांवर फिरतो त्यांस बॉटम ब्रॅकेट हें नांव आहे. जुन्या सायकलींत क्रँक लोखंडी असे व कॉटर नांवाच्या खिळीनें तो आंसावर बसविलेला असे. कॉटर झिजला म्हणजे दर फेऱ्यास होणारी ती ‘टक् टक्’ आमच्या पिढींतील कोण विसरेल ? मिस्त्री हातोडीचे दोन घाव घाली आणि तक्रार महिनाभर मिटे. आजचा क्रँक अल्युमिनियमचा आहे. त्याला हातोडी चालत नाहीं.

आतां मुख्य मुद्दा गणिताचा. पायडलाच्या एका फेऱ्यांत सायकल किती पुढें जाते हें काढण्यासाठीं पुढच्या चक्राच्या दांत्यांस मागच्या चक्राच्या दांत्यांनीं भागावें व भागाकारास चाकाच्या परिघानें गुणावें. जुन्या सायकलीस पुढें ४४ व मागें १८ दांते आणि परिघ २.२ मीटर धरला, तर एका फेऱ्यांत सुमारें ५.४ मीटर अंतर तुटतें. सपाट रस्त्यावर हें उत्तम आहे. परंतु दहास एक असा चढ लागला, स्वार व सायकल मिळून वजन ७५ किलो भरलें, आणि मिनिटास ६० फेरे मारावयाचे म्हटलें, तर केवळ तें वजन वर उचलण्यास जवळजवळ ४०० वॅट शक्ति लागते. म्हणजे अर्ध्या अश्वशक्तीहूनही अधिक ! ती शाळकरी मुलानें आणावी कोठून ? म्हणून तो उतरतो व सायकल ढकलूं लागतो. उलट २९ इंची चाकाच्या डोंगरी सायकलीस पुढें ३२ व मागें ५१ दांते असले, तर एका फेऱ्यांत ती अवघी १.४४ मीटर जाते. त्याच चढावर सुमारें १०६ वॅट पुरतात. वेग तासास पांच किलोमीटरच्या थोडा वर, म्हणजे पायीं चालण्याइतकाच राहतो. पण स्वार खोगिरावर बसून वर पोंचतो. कसाऱ्याच्या घाटांत आगगाडीचा चढ ३७ स १ एवढाच, तरी गाड्यांना तेथें मागून जादा इंजिनें लावावीं लागत आलीं आहेत. सायकलस्वाराला मागून लोटणारें कोणी नाहीं. पुढचें लहान चक्र हेंच त्याचें जादा इंजिन.

येथें एका फॅशनविषयीं लिहिणें प्राप्त आहे. पूर्वीं पुढें तीन चक्रें (४२, ३२ व २२ दांत्यांचीं) असत. मग दोन आलीं (३६ व २६). आणि आतां एकच, ३० किंवा ३२ दांत्यांचें, असावें अशी वहिवाट पडली आहे. एक चक्र सुटसुटीत खरें. त्याचे दांते आळीपाळीनें जाड व बारीक केलेले असल्यामुळें साखळी सहसा उतरत नाहीं, आणि पुढच्या गिअरची तार व खटका हीं दोन्ही वाचतात. परंतु ज्याच्या मागच्या चाकास सर्वांत मोठें चक्र ३४ दांत्यांचेंच आहे, त्यानें तीन चक्रें काढून ३२ चें एकच बसविलें तर काय होईल ? पूर्वीं २२ व ३४ च्या जोडीनें त्याला एका फेऱ्यास दीड मीटर मिळत होतें; आतां २.१६ मीटर मिळेल. प्रत्येक चढावर जवळजवळ दीडपट जोर ! पैसे खर्चून डोंगर उंच करण्याचाच हा प्रकार होय. एक चक्र घ्यावयाचें तर मागें ४६ किंवा ५१ दांत्यांपर्यंतची कॅसेट हवी. ती नसेल तर दोन किंवा तीन चक्रांचाच क्रँक घ्यावा व मित्रांच्या हंसण्याकडे लक्ष देऊं नये.

दुसरी गोष्ट जुळणीची. गेल्या वर्षीं आमच्या एका विद्यार्थ्यानें दोन सहामाह्यांची बचत खर्चून एका दुकानांतून उत्तम क्रँक आणला. त्याचा आंस क्रँकलाच जडलेला, २४ मिलिमीटर जाडीचा व पोकळ होता. मुलाच्या सायकलींत मात्र चौकोनी टोकांच्या आंसाचें जुनें बॉटम ब्रॅकेट होतें. दोहोंचा मेळ बसेना. नवें बॉटम ब्रॅकेट व तें बसविण्याचें हत्यार यांसाठीं पुन्हां पैसे हवेत, हें त्यास कोणी सांगितलेंच नव्हतें. क्रँक तीन महिने पेटींत पडून राहिला. बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, हा प्रभूचा दृष्टांत शास्त्रपाठाच्या तासाला सर्वांना ठाऊक असतो. सायकलीच्या दुकानांत तो फारसा कोणाला आठवत नाहीं.

म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं फ्रेमच्या तळाची नळी तपासावी. तिला आंतून आटे आहेत कीं बेअरिंग दाबून बसविलें आहे, हें पाहावें. आटे असल्यास नळीची रुंदी मोजावी. ती बहुधा ६८ किंवा ७३ मिलिमीटर भरते. मागच्या चाकास किती चक्रें आहेत तेंही मोजावें, कारण ८ चक्रांची साखळी रुंद व १२ चक्रांची अरुंद असते, आणि एकीचें चेनव्हील दुसरीस नीट मानवत नाहीं. अलीकडच्या रुंद मागील हबच्या सायकलींत चेनव्हील कांहीं मिलिमीटर बाहेर असावें लागतें, हेंही विचारून घ्यावें.

दांड्याच्या लांबीचा बाऊ करण्याचें कारण नाहीं. १७० व १७५ मिलिमीटर यांत तरफेचा फरक शेंकडा ३ हूनही कमी पडतो. लांब दांडा दगडांवर आपटतो, म्हणून बेतास बात उंचीच्या मुलांनीं १७० किंवा १६५ घ्यावा.

राहिला प्रश्न प्रतीचा. जपानांतील साकाई येथें १९२१ सालीं स्थापन झालेल्या शिमानो कंपनीच्या डोंगरी मालांत टूर्नी, आल्टस, असेरा, अलिव्हिओ, डिओर, एसएलएक्स, एक्सटी व एक्सटीआर अशा चढत्या पायऱ्या आहेत. माझ्या मतें मध्यम खरेदीदाराची जागा अलिव्हिओ व डिओर या दोन पायऱ्यांवर आहे: मागें ९ चक्रें असल्यास पहिली, १२ असल्यास दुसरी. खालच्या प्रतींत चेनव्हीलें कित्येकदां रिव्हेटांनीं ठोकलेलीं असतात. दांते झिजले कीं सबंध क्रँक टाकावा लागतो. स्क्रूनें बसविलेलें चक्र तेवढेंच बदलतां येतें, आणि जादा किंमतीचा खरा मोबदला हाच. त्याहून वर, एसएलएक्सपासून, दांडे आंतून पोकळ होतात व वजन पाव किलोहूनही कमी घटतें. तेवढें वजन पाण्याची बाटली अर्धी भरून न्यावी म्हणजे फुकट घटतें. लहान चक्र पोलादी मिळत असेल तर तेंच घ्यावें. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसाळी चिखलांत अल्युमिनियमचे दांते लवकर झिजतात. जुनी ताणलेली साखळी नव्या चक्रावर चढवूं नये. ती नवे दांतेही आपल्यासारखेच करून सोडते.

बसवितांना ध्यानांत ठेवावें कीं, आट्यांच्या नळींत उजवीकडच्या वाटीचे आटे उलटे असतात. डाव्या पायडलाचेही तसेच. चौकोनी आंसावरील क्रँक पहिल्या एक-दोन फेरफटक्यांनंतर पुन्हां आवळून घ्यावा. तो ढिला असतांना तसाच चालविला तर पोलादी आंस अल्युमिनियमचें चौकोनी भोंक गोल करून टाकतो, आणि मग तो दांडा कितीही आवळला तरी धरत नाहीं.